कशातच पहिला नंबर नाही, तरी मालक विकत नाहीत: अशी बाईक घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंडहँड सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 घ्यायची आहे, 2017 किंवा त्यानंतरचं मॉडेल. रोज ऑफिसला जाणं-येणं, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी लांबची फेरी, तेव्हा मागे बायको आणि सामान, आणि क्वचित कच्चा रस्ता. मालकांची मतं वाचून गोंधळ उडालाय. एक जण म्हणतो, गाडीने कधी दगा दिला नाही, मला दुसरी नको. दुसरा म्हणतो, वारा थेट डोक्यावर आदळतो, पुढचे शॉकअप लेचेपेचे, गाडी जड, सीट तासाभरात टोचते आणि इंजिनात मजा नाही. प्रश्न विचारणाऱ्याची उंची पाच फूट पाच. कोणाचं खरं मानायचं?

दोघांचंही माना. पहिला सांगतोय की गाडी घरी आणून सोडते का, दुसरा सांगतोय की घरी येईपर्यंत काय काय खटकतं. माझ्या गॅरेजला या जातीच्या, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही धरून बनवलेल्या ॲडव्हेंचर गाड्या नेहमी येतात, आणि बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच मालकाच्या तोंडून ऐकायला मिळतात. आधी पाच मिनिटं तक्रारी, मग विचारलं की विकताय का, तर चेहरा बघण्यासारखा होतो.

अशा गाडीचा जवळजवळ प्रत्येक दोष तिच्याच एखाद्या गुणाची किंमत असतो. त्यामुळे दोष किती, हे मोजण्यात अर्थ नाही. त्या किमतीत मिळणारा गुण तुम्हाला रोज लागणार आहे का, एवढं बघायचं. काही तक्रारी मात्र यात बसत नाहीत. त्या गाडीच्या नसून गाडी आणि माणूस यांच्या मापाच्या असतात, आणि थोडक्यात सुटतात. आणि सेकंडहँड घेताना तिसरा प्रकार येतो: त्या एका नगातली खरी झीज. तिच्याबद्दल कुणाच्याही मतात काही लिहिलेलं नसतं, आणि पैसे बुडतात ते नेमके तिथे.

वजनापासून सुरुवात करू, कारण 'जड आहे' ही तक्रार या जातीला कायमची चिकटली आहे. या प्रकारच्या गाड्यांची सुरुवात 1980 च्या बीएमडब्ल्यू आर 80 जी/एसपासून धरतात. 797 सीसीचं बॉक्सर इंजिन (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांडा), डांबरावर पळेल आणि कच्च्यातही जाईल असा बेत, आणि टाकी भरून वजन 186 किलोच्या आसपास. तिच्याच वंशातली अलीकडची आर 1250 जीएस टाकी भरून 249 किलोची. मधले साठेक किलो कंपनीने हौसेनं घातलेले नाहीत. मोठं इंजिन, मोठी टाकी, एबीएस, रुंद सीट, पेट्या लावता येतील अशी मागची भक्कम फ्रेम, हे सगळं मालकांनीच मागितलं. मग वजनाबद्दल कुरकुरलेही तेच.

तुमची व्ही-स्ट्रॉम टाकी भरून 213 किलो, स्पोकच्या चाकांची एक्सटी 216. टाकी 20 लिटरची, म्हणजे नुसत्या पेट्रोलचंच वजन पंधरा किलोच्या घरात, आणि तेही सगळं वर. म्हणून या गाडीच्या वजनाचा अंदाज अर्ध्या टाकीवर घेऊ नका. विकणारा टेस्ट राइडला गाडी देतो तेव्हा टाकीत बहुधा तळाशीच थोडं पेट्रोल असतं. मुद्दाम करतो असं नाही, पण विकायला काढलेल्या गाडीची टाकी कोण फुल करतो? तुम्ही स्वतःच्या पैशाने भरा आणि मग चालवा. चालत्या गाडीवर वजन कळतच नाही. वेग पंधरा-वीसच्या खाली आला, की यू-टर्नला, उतारावर आणि पार्किंगमध्ये कळतं. त्यामुळे राइडइतकीच दुसरी परीक्षा महत्त्वाची: गाडीवर न बसता, बाजूला उभं राहून तिला थोड्याशा चढावर मागे ढकला. तिथे घाम फुटला, तर रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुटेल. रोजच्या वापरात या गाडीवर वैतागणारे मी जे पाहिले, ते बहुतेक या जागी वैतागलेले होते, हायवेवर नाही.

उंचीचं म्हणाल तर सीट जमिनीपासून 835 मिलिमीटर. पाच फूट पाचच्या माणसाचे दोन्ही तळवे टेकणार नाहीत, चवडे टेकतील. पण दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत, हा हट्ट सोडा. सिग्नलला ढुंगण थोडं डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. थोड्या सरावात हे अंगवळणी पडतं. अडचण येते ती डावीकडे रस्ता खोलगट असेल तिथे, आणि मागे माणूस बसलेला असताना. म्हणून टेस्ट राइड एकट्याने उरकू नका. बायकोला मागे बसवूनच बघा, आणि तिला सांगा की थांबलेल्या गाडीवर चढ आणि उतर. तेवढ्यात गाडी सावरता आली, तर उंचीचा प्रश्न मिटला.

नाही सावरली, तर कुणीतरी लोअरिंग लिंक सुचवेल. मागच्या शॉकअपची पट्टी बदलली की सीट खाली येते, खर्चही फार नाही. पण गाडी फक्त मागून खाली आली की पुढची बाजू उंच राहते, हँडल सुस्त होतं आणि वळणावर गाडी बाहेर जाऊ बघते. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे पाइपही ट्रिपल क्लॅम्पमध्ये (हँडलखालच्या पकडीत) तेवढ्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात. मग साइड स्टँड लांब ठरतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही आडवी होऊ शकते. आणि जमिनीपासूनचं 170 मिलिमीटरचं अंतर, जे आधीच या जातीत कमी आहे, ते आणखी घटतं. माझं मत विचाराल तर आधी सीटचा फोम कडेने कापून अरुंद करून घ्या. सीट जिथे मांड्यांमध्ये येते तिथली रुंदी कमी झाली, तरी पाय जमिनीच्या जवळ जातात. त्याने गाडीचं काहीच बिघडत नाही.

आता वारा. या गाडीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं जातं ते यावर, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही यावरच. काही मालकांकडे तीन-तीन काचा पडलेल्या असतात आणि चौथी मागवलेली असते.

होतं असं. काच वारा अडवत नाही, वर फेकते. काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो तेव्हा तो गुळगुळीत राहत नाही, भोवरे करत येतो. तो गढूळ वारा तुमच्या छातीवर आला तर चालतो. डोक्याच्या वरून गेला तरी चालतो. हेल्मेटच्या मधोमध आला की डोकं गदागदा हलतं, कानात ढोल वाजतात आणि दीडशे किलोमीटरनंतर मान आखडते. म्हणजे सगळा खेळ तुमच्या धडाच्या उंचीचा, हेल्मेटच्या आकाराचा आणि काचेच्या कडेचा. एक जण म्हणतो काच भिकार, दुसरा म्हणतो अप्रतिम, आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांच्या उंचीत चार इंचांचा फरक असतो. तुम्ही सहा फुटी माणसाची तक्रार वाचून घाबरू नका. पाच फूट पाचवर तुम्ही काचेच्या आड पूर्ण बसाल, किंवा नेमके त्या भोवऱ्यात बसाल. दोन्ही शक्य आहे, आणि मतं वाचून ते कळणार नाही.

कळतं ते असं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना ऐंशीच्या वेगाला फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) किंचित उभं राहा, सीटपासून दोन-तीन इंच. आवाज गचकन कमी झाला आणि वारा एकसारखा लागायला लागला, तर तुम्ही भोवऱ्याच्या वर आलात. मग तुम्हाला उंच काच नको आहे, उलट आखूड काच किंवा खाली बसवलेली काच हवी आहे. आता थोडं पुढे वाकून मान खाली घ्या. तिथे शांत वाटलं, तर काच उंच करून किंवा तिचा कोन बदलून फायदा होईल. तुम्ही बघताय त्या मॉडेलमध्ये ही काच तीन उंचींवर बसवता येते. बोल्ट काढून लावावे लागतात, चालता चालता होत नाही, म्हणून कित्येक मालक ते एकदाही करत नाहीत आणि सरळ नवी काच घेतात. आणखी एक करून बघायचं: काचेच्या खालून थोडा वारा आत येऊ दिला, तर काचेमागची पोकळी भरते आणि भोवरे मंदावतात. बाजारात मिळणाऱ्या कोन बदलणाऱ्या ब्रॅकेटचं अर्धं काम हेच असतं.

इतकं करूनही कानात आवाज राहणारच. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज कानाला इजा करण्याइतका असतो, काच कुठलीही असो. फोमचे इअरप्लग घाला. नवा मालक पहिल्यांदा ते घालून लांब जाऊन येतो तेव्हा काचेची निम्मी तक्रार आपोआप विरते.

पुढच्या शॉकअपची तक्रार वेगळ्या जातीची आहे. इथे गुण आणि दोष खरोखर एकाच स्प्रिंगमध्ये बसलेत. फोर्कची चाल 150 मिलिमीटर. रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीत ती 120 च्या आसपास असते. जास्त चाल म्हणजे खड्डा पोटात जातो, मनगटांना कळत नाही. पण तीच चाल ब्रेक दाबल्यावर खाली बसते, आणि गाडी नाक खुपसते. त्यात कंपनीला ही गाडी साठ किलोच्या माणसालाही बरी वाटायला हवी असते आणि डबलसीट जाणाऱ्यालाही, म्हणून स्प्रिंग मऊ बाजूला ठेवतात. हा हिशेब तुमच्या वजनाला जमतो की नाही, हे घरच्या घरी मोजता येतं.

फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय हलक्या हाताने आवळा आणि खाली रबर सीलला टेकवा. कुणाला तरी मागून गाडी धरायला सांगा. तुम्ही नेहमीचं जॅकेट, हेल्मेट घालून अलगद बसा, दोन्ही पाय पेगवर. धक्का न देता अलगद उतरा. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण ताणला गेला की टाय जिथे थांबलाय तिथपासून सीलपर्यंतचं अंतर मोजा. एकूण चालीच्या साधारण तीस टक्के, म्हणजे पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास आलं, तर स्प्रिंग तुमच्या मापाची आहे. साठ-पासष्ट आलं तर फोर्कच्या वरच्या टोपीवरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, वाढवा. एक लक्षात घ्या, प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी चालीच्या कुठल्या टप्प्यावर उभी राहते ते बदलतं. प्रीलोड संपूर्ण आवळूनही माप खाली येत नसेल, तर स्प्रिंगच तुमच्यासाठी मऊ आहे. तेव्हा वजनानुसार स्प्रिंग आणि नवं फोर्क ऑइल, एवढंच करायचं. पुढचा अख्खा फोर्क बदलायला सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. 'लेचेपेचे' म्हणून शिक्का मारलेल्या कित्येक फोर्कमध्ये दोष एवढाच असतो की ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं.

मागच्या बाजूला या गाडीने एक शहाणपणाची सोय दिली आहे, हाताने फिरवायची प्रीलोडची मूठ. डबलसीट निघताना ती फिरवायची असते. न फिरवता मागे माणूस आणि पेट्या घातल्या की मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि मालक म्हणतो हायवेला हँडल हलतं. मूठ बघा, ती गंजून अडकली असेल तर समजा आधीच्या मालकाने तिला कधी हात लावला नाही. त्यावरून बाकीची देखभाल कशी असेल, त्याचाही अंदाज घ्या.

भाराचा मुद्दा निघालाच आहे, तर मालक जे सहसा लिहीत नाहीत ते सांगतो. गाडीच्या फ्रेमवरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं वजन वजा करा, उरलं ते तुमचं. या वर्गात ते बहुधा दोनशे किलोच्या आसपास निघतं. आता बेरीज करा: तुम्ही 80, बायको 65, दोघांचे हेल्मेट-जॅकेट-बूट 15, लोखंडी क्रॅश गार्ड, रॅक आणि तीन रिकाम्या पेट्या मिळून 18, आणि सामान 25. झाले 203. म्हणजे अजून पाण्याची बाटली घ्यायची आहे आणि गाडी भरली. टॉप बॉक्स तर मागच्या चाकाच्याही मागे लटकतो, आणि जितका मागे आणि वर, तितकं हँडल हलकं. जड वस्तू साइडच्या पेट्यांत तळाशी आणि पुढे, टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे. क्रॅश गार्ड, इंजिन गार्ड, फॉग लॅम्पची जोडी, मोठा स्टँड असं एक एक लावत गाडीला चिलखत चढवणारे आणि मग 'गाडी जड आहे' म्हणणारे मालक एकच असतात, हे मला गमतीचं वाटत आलंय.

'इंजिनात मजा नाही', यावर मी फार वेळ घालवणार नाही. 645 सीसीचं, नव्वद अंशांचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात), मुळात एसव्ही 650 या रस्त्यावरच्या गाडीचं. नव्वद अंशांमुळे ते स्वतःच बरंच संतुलित असतं, कंप मारायला वेगळ्या बॅलन्स शाफ्टची गरज पडत नाही, म्हणून हात बधिर होत नाहीत. ताकद 71 पीएस, पण बेत मधल्या आरपीएमचा. आधी चार सिलिंडरची लिटर (हजार सीसीची) बाईक चालवलेला माणूस याला थंड म्हणेल. दोनशे सीसीवरून आलेला म्हणेल की पोटात गोळा येतो. मत वाचताना लिहिणाऱ्याची आधीची गाडी कोणती होती, हे शोधलं की निम्मा गोंधळ मिटतो. याचं टोकाचं उदाहरण होंडाची एनसी 700 एक्स. 2012 ची गाडी, इंजिन साडेसहा हजार आरपीएमच्या आसपासच थांबतं. ओव्हरटेक करताना ऐनवेळी रेव्ह संपतात म्हणून शिव्या खाते, आणि त्याच इंजिनाच्या ॲव्हरेजवर मालक खूश असतात. टाकीच्या जागी तिला हेल्मेट मावेल असा कप्पा आहे, तो सगळ्यांना आवडतो. पण मग टाकी सीटखाली गेली आणि तोंड मागच्या सीटखाली आलं, म्हणजे मागे सामान बांधलेलं असेल तर पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी ते सोडा. एकाच निर्णयाचे हे दोन परिणाम. एक घेऊन दुसरा परत करता येत नाही.

इंजिनाबद्दलची एक तक्रार मात्र मी गंभीरपणे घेतो: कमी वेगाला गाडी झटके मारते. यात इंधनाचा पुरवठा बिचारा फुकट बदनाम होतो आणि लोक ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायला निघतात. आधी चेन बघा. ढिली, किंवा एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली, तर रेस सोडली-धरली की झटका बसणारच. मग थ्रॉटल केबलचं फ्री प्ले (मोकळी चाल), ते दोन ते चार मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग मागच्या चाकाच्या हबमधले कुश रबर, म्हणजे झटका शोषणारे रबराचे तुकडे. चेन घट्ट असूनही मागचं स्प्रॉकेट हाताने पुढेमागे करताना मोकळं हललं, तर रबर मेले. या तीन गोष्टी दुरुस्त केल्यावर 'ईसीयूचा प्रॉब्लेम' असलेल्या बऱ्याच गाड्या शहाण्यासारख्या चालायला लागतात.

चाकांबद्दल थोडक्यात. पुढे 19 इंची, मागे 17. हा मधला मार्ग आहे. कावासाकी व्हर्सिस 650 ला दोन्हीकडे 17, त्यामुळे डांबरी वळणांवर ती चपळ, आणि टायरची निवड भरपूर. रॉयल एनफिल्ड हिमालयनला पुढे 21, त्यामुळे दगडधोंड्यांवरून ती चढून जाते आणि डांबरावर वळायला थोडी सावकाश. होंडाने सीबी 500 एक्स 2013 ला 17 इंची चाकावर आणली आणि 2019 ला पुढचं चाक 19 केलं, पुढे 2022 ला दुहेरी डिस्क आणि उलटे फोर्क दिले. म्हणजे मालकांच्या तक्रारी कंपनीपर्यंत पोचतात, पण सहा ते नऊ वर्षं लागतात. तुमच्या 'क्वचित कच्चा रस्ता'साठी 19 पुरेसं आहे. अलॉय की स्पोक, यावर रात्र जागवण्याची गरज नाही. डांबर जास्त असेल तर अलॉय, कारण साफ करायला सोपं.

सीट टोचते, यात मोठं गूढ नाही. सीट पुढे उतरती आहे, माणूस घसरत टाकीला लागतो आणि सगळा भार दोन हाडांवर येतो. सीटची मागची बाजू थोडी भरून घेतली किंवा हँडल स्वतःकडे थोडं फिरवून घेतलं, तरी बसण्याचा कोन बदलतो. पैसे खर्च करण्याआधी हँडल फिरवून बघा, ते फुकट आहे.

आता तिसरा प्रकार, त्या नगातली झीज. सेकंडहँड बघायला गेलात की हे तपासा, यात दयामाया नको. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. या इंजिनाची टॅपेट तपासणी (व्हॉल्व्हची फट मोजणं) 24,000 किलोमीटरला असते आणि ती बऱ्याच जणांनी टाळलेली असते, कारण काम वेळखाऊ आहे. विकणारा म्हणेल, 'एकदम शांत इंजिन आहे, टॅपेटचा आवाज नाही.' अशा शिमवाल्या इंजिनात (जिथे ही फट बारीक चकत्यांनी ठरते) अंतर वाढण्याऐवजी कमी होत जातं, म्हणजे अडचण येते तेव्हा इंजिन जास्तच शांत असतं, फक्त थंडीत सुरू व्हायला कुरकुरतं. तेव्हा शांततेवर भाळू नका, सर्व्हिसचं बिल मागा. नसेल तर त्या कामाची रक्कम किमतीतून वळती करा.

या इंजिनाच्या घराण्याची आणखी एक जुनी खोड सांगून ठेवतो. पुढच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग जिथे बसतो त्या खोबणीला पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. पुढच्या चाकाने उडवलेल्या चिखलाने ते बुजतं, पावसात खोबण भरते, आणि गाडी अचानक एका सिलिंडरवर मिसिंग करत चालायला लागते. पाऊस थांबला, इंजिन तापलं की परत ठीक. मालक मग पेट्रोलला दोष देतो, बॅटरी बदलतो. उपाय म्हणजे बारीक तार घालून भोक मोकळं करणं आणि पुढच्या मडगार्डला खाली जोडपट्टी लावणं. तीच जोडपट्टी पुढे उघड्यावर असलेल्या ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरच्या पाइपांनाही वाचवते. कच्च्यात जाणार असाल तर इंजिनखाली प्लेट लावा. इतकी एक्सेसरी मात्र मी आग्रहाने सांगतो.

हँडलचं कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग बघा. पुढचं चाक उचलून हँडल मधोमध हळू फिरवा. मध्यभागी 'टक' करून खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर बेअरिंग गेलेत. रेस सोडल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला हँडल थरथरत असेल, तर ते आणि वेडंवाकडं झिजलेला पुढचा टायर, हे दोन संशयित. फॉग लॅम्प वगैरे जोडलेले असतील तर सगळे दिवे लावून, इंजिन चार-पाच हजारांवर धरून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. चौदाच्या आसपास हवं. साडेतेराच्या खाली राहत असेल तर बॅटरी चार्ज करणारे स्टेटर, रेग्युलेटर किंवा त्यांची वायरिंग, काहीतरी थकलं आहे.

तर घ्यावी का? तुमच्या वापराच्या यादीत पहिली ओळ रोजच्या ऑफिसची आहे, दुसरी डबलसीट लांब फेरीची. ऑफिसचा रस्ता सतत तुंबलेला असेल आणि लांबच्या फेऱ्या वर्षाला दोन-चारच होणार असतील, तर 213 किलो रोज कशाला ओढायचे? त्यापेक्षा सीबी 500 एक्ससारखी हलकी गाडी बघा, डबलसीट चढावर थोडी कमी पडेल, पण रोज आवडेल. फेऱ्या खरोखर महिन्या-दोन महिन्यांतून होत असतील आणि बायको सोबत असणार असेल, तर व्ही-स्ट्रॉम घ्या. चढावर मागे ढकलण्याची परीक्षा आणि बायकोच्या चढण्या-उतरण्याची परीक्षा पास झाली, एवढीच अट.

घेतल्यावर पहिले दोन महिने काहीही बाहेरून लावू नका, इंजिनखालची प्लेट आणि मडगार्डची जोडपट्टी सोडून. टायर जुने असतील तर ते बदला. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षीची खोली कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षं जुना टायर ठेवू नका. फोर्क ऑइल बदला, केबल टाय लावून माप घ्या, काच तिन्ही उंचींवर लावून प्रत्येकी एक लांब फेरी मारा. त्यानंतर जे खटकत राहील तेच तुमच्या मापाचं खटकणं, आणि खर्च त्यावरच करा.